झांजेची बाजू

मालवणजवळच्या आमच्या गावी, देवळातल्या भजनी सप्ताहात मी लहानपणी झांज वाजवत असे. एका रात्री गजर रंगात असताना पखवाजावरच्या काकांनी बोल एकदम आडवे टाकले. माझा हात त्यांच्यामागे धावला आणि सगळा गजर कोसळला. काका रागावले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "माज्या वांगडा येव नको. तू थंयच रव. मी समेर येतंय." या बोलण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

काकांनी धरली होती ती आडलय, म्हणजे दीडपट लय: झांजेच्या २ ठोक्यांच्या काळात समान अंतरावर ३ आघात. दुगुन-चौगुनीत प्रत्येक ठोक्यावर एक आघात पडतोच, त्यामुळे मूळ लय सुटत नाही. आडीत मात्र दर दोन ठोक्यांतला दुसरा ठोका पोरका होतो. त्यावर पखवाजाचा आघात नसतो. झांजेवाला फसतो तो नेमका तिथेच. चारांत पाच बसवले की सव्वापट आणि चारांत सात बसवले की पावणेदोनपट लय होते. तिथे तर असे पोरके ठोके आणखी वाढतात.

सरावासाठी वाद्य लागत नाही. मांडीवर हात ठेवून सावकाश १ ते ६ मोजावे. उजवा हात १, ३, ५ वर पडेल आणि डावा १ व ४ वर. म्हणजे एकावर दोन्ही हात, मग तिनावर उजवा, चारावर डावा, पाचावर उजवा. दोन आणि सहा मोकळे. हे जमले की आकडे मनातूनही काढून टाकावेत. मग लक्ष फक्त डाव्या हाताकडे द्यावे, नंतर फक्त उजव्याकडे. ज्या हाताकडे लक्ष नाही तोही ढळला नाही, तर लय अंगात उतरली असे समजावे.

गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातांनी, पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, अशी त्यांची ख्याती होती. एका देहात अनेक लयी नांदवणे ही असामान्य साधना आहे. भजनात हेच काम अनेक माणसे वाटून घेतात. पश्चिम आफ्रिकेतल्या एवे लोकांच्या वादनातही लोखंडी घंटा आपला ठरलेला नमुना सोडत नाही. तिच्या आधाराने ढोल एकमेकांना छेद देत खेळतात. आपल्याकडे ते काम झांजेचे. आड पखवाजवाला वाजवतो खरा, पण ती आड वाटते ती झांज सरळ राहते म्हणून.

गेल्या सप्ताहात मी पुन्हा झांज हाती घेतली. पखवाजावर गावातलाच एक नवा मुलगा होता. तो हौसेने आडीत शिरला आणि समेच्या जरा पुढे पडला. बावरून त्याने माझ्याकडे पाहिले. मी थंयच होतो. पुढच्या आवर्तनात तो समेवर आला.