आधी निकष, मग निकाल

नाणे ४० वेळा उडवा. छापा सुमारे २० वेळा पडेल; २८ किंवा अधिक वेळा पडण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी! पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी हेच गणित वापरले. गृहीतक असे : कुंडलीवरून बुद्धिमत्ता सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज. २७ ज्योतिष्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या प्रत्येकी एकूण ४० कुंडल्या तपासल्या. कोणाची २८ उत्तरे बरोबर आली, तरच गृहीतक सोडायचे. सर्वाधिक आली २४. सरासरी ४६ टक्के. गृहीतक टिकले. तुम्हीही प्रकल्प करताना निकषाचा आकडा मोजणीपूर्वीच वहीत लिहा. निकाल पाहून ठरवलेला निकष आपल्याच बाजूने कौल देतो.