विश्लेषण : पृथ्वी शॉ, डेनिस रॉडमन आणि ‘स्टार’च्या शिस्तीचा हिशेब… खेळाडूला जाब विचारायचा कोणी आणि कसा?

डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीत झालेल्या आयपीएल लिलावात पृथ्वी शॉवर सुरुवातीला कोणीच बोली लावली नाही. अखेर दिल्ली कॅपिटल्सने त्याला ७५ लाख रुपयांच्या मूळ किमतीत घेतले. त्याआधीच्या, म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तर तो विकलाच गेला नव्हता. पदार्पणाच्या कसोटीत शतक झळकावणाऱ्या या फलंदाजाचे नाव गेली काही वर्षे धावांइतकेच वादांमुळेही गाजत आहे. मैदानावर आक्रमक आणि मैदानाबाहेर चर्चेत राहणाऱ्या खेळाडूंना शिस्त लावण्याचे नेमके नियम काय? ते कोण ठरवते? अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हे कसे होते? आणि अमरावती-अकोल्याच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलामुलींचा याच्याशी काय संबंध?

पृथ्वी शॉचा उदय कसा झाला?

विरारहून पहाटेच्या लोकलने सरावासाठी मुंबईत येणारा मुलगा ही पृथ्वीची पहिली ओळख. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, हॅरिस ढाल शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफिल्डकडून त्याने ५४६ धावांची खेळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा केल्या. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने ३७९ धावा फटकावल्या. रणजी करंडकाच्या इतिहासात याहून मोठी खेळी एकच आहे, ती म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर यांची नाबाद ४४३. गुणवत्तेबद्दल शंका कधीच नव्हती. प्रश्न होता तो बाकी सगळ्याचा.

८ महिन्यांच्या बंदीचे प्रकरण काय होते?

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान पृथ्वीच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन हा प्रतिबंधित घटक आढळला. खोकल्याच्या अनेक औषधांत तो असतो. औषध नकळत घेतले गेले, हे पृथ्वीचे म्हणणे बीसीसीआयने मान्य केले आणि ८ महिन्यांची बंदी घातली. ३० जुलै २०१९ रोजी ती जाहीर झाली.

इथपर्यंत सारे नियमाप्रमाणे दिसते. मात्र बंदीचा काळ धरण्यात आला तो १६ मार्च ते १५ नोव्हेंबर २०१९, म्हणजे मागील तारखेपासून. याच काळात आयपीएल झाली आणि त्यात पृथ्वी दिल्लीकडून पूर्ण हंगाम खेळला. कागदावर ८ महिन्यांची असलेली बंदी प्रत्यक्षात जुलैच्या मध्यापासून चारच महिने लागू झाली. नमुना घेतल्यापासून आरोपपत्र देईपर्यंत सुमारे पाच महिने गेले होते. बीसीसीआयच क्रिकेटपटूंच्या चाचण्या करवून घेत होती, निकाल देत होती आणि शिक्षाही सुनावत होती. त्यावर टीका झाली. पुढच्या दहा-बारा दिवसांतच, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, बीसीसीआयने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (नाडा) कक्षेत येण्याचे मान्य केले. क्रिकेटपटूंनाही इतर खेळाडूंचेच नियम लागू झाले. हा बदल पृथ्वीच्या प्रकरणानंतरचा सर्वांत मोठा परिणाम म्हणावा लागेल.

विदर्भाचा खेळाडूही त्याच यादीत होता?

होय. ३० जुलै २०१९ रोजी जाहीर झालेल्या कारवाईत पृथ्वीसोबत विदर्भाचा एक आणि राजस्थानचा एक खेळाडू होता. विदर्भाच्या खेळाडूलाही ८ महिन्यांचीच बंदी झाली. पण मथळे पृथ्वीवर होते. बंदी संपताच १७ नोव्हेंबरला वानखेडेवर आसामविरुद्ध पृथ्वी मैदानात उतरला, ३९ चेंडूंत ६३ धावा केल्या आणि त्याचे पुनरागमनही बातमी झाले. सारखीच शिक्षा नामवंत खेळाडूला आणि होतकरू खेळाडूला सारखी लागत नाही. नामवंताच्या मागे व्यवस्थापक, वकील आणि चाहते असतात. होतकरूचा एक हंगाम गेला की पुढची निवड चाचणीही हातातून निसटू शकते. म्हणूनच नियम आधी ठाऊक असणे आणि प्रक्रिया उघड असणे याची खरी गरज लहान खेळाडूला असते.

नंतरच्या शिस्तीच्या वादाचे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून पृथ्वीला वगळण्यात आले. वजन, तंदुरुस्ती आणि सरावातील अनियमितता ही कारणे बातम्यांतून पुढे आली. डिसेंबरमध्ये विजय हजारे स्पर्धेच्या संघातही त्याचे नाव नव्हते. त्याने समाजमाध्यमावर स्वतःची आकडेवारी मांडून नाराजी व्यक्त केली. त्यावर मुंबई क्रिकेट संघटनेतील एका अधिकाऱ्याने नाव न सांगता वृत्तसंस्थेकडे त्याच्या बेशिस्तीचा पाढा वाचला. कर्णधार श्रेयस अय्यरनेही त्याच सुमारास सूचक शब्दांत सांगितले, की पृथ्वीने मेहनतीची सवय लावून घ्यायला हवी, त्याला कोणी सांभाळत बसू शकत नाही.

निवड न करणे हा निवड समितीचा अधिकार आहे. पण ती ‘कामगिरीमुळे’ की ‘वर्तणुकीमुळे’, हे या प्रकरणात कागदावर आले नाही. कोणता नियम मोडला, कधी मोडला, ताकीद किती वेळा दिली, परत येण्यासाठी काय करावे लागेल, यातले काहीच जाहीर झाले नाही. परिणामी पृथ्वीच्या टीकाकारांना वाटते तो सुटला आणि समर्थकांना वाटते त्याच्यावर अन्याय झाला. दोन्ही बाजूंकडे पुरावा नाही. २०२३ मध्ये सेल्फीवरून झालेला वाद पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात गेला. पण ती कायद्याची बाब झाली. संघटनेच्या शिस्तीशी तिची सरमिसळ करता येत नाही.

२०२५ मध्ये पृथ्वीने मुंबई सोडून महाराष्ट्राची वाट धरली. ऑक्टोबरमध्ये मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात १८१ धावा करून बाद झाल्यावर तो जुन्या सहकाऱ्याशी वाद घालताना दिसला. त्याच महिन्यात चंडीगडविरुद्ध रणजी सामन्यात त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या. एकाच महिन्यात पृथ्वीची दोन्ही रूपे दिसली.

‘एनबीए’मध्ये शिक्षा कशी होते?

अशा खेळाडूंचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन. रंगवलेले केस, अंगभर टॅटू, रोज नवा वाद. पण चेंडू उसळला की तो रॉडमनच्याच हातात. सलग सात हंगाम तो रिबाउंडमध्ये अव्वल राहिला आणि पाच विजेतेपदांचा मानकरी ठरला. मार्च १९९६ मध्ये त्याने पंचांना डोक्याने धडक दिली. शिक्षा : ६ सामन्यांची बंदी आणि २० हजार डॉलर दंड. जानेवारी १९९७ मध्ये मिनियापोलिसच्या सामन्यात तो बाजूला बसलेल्या छायाचित्रकारावर पडला आणि उठताना त्याला लाथ मारली. शिक्षा : किमान ११ सामन्यांची विनावेतन बंदी आणि २५ हजार डॉलर दंड. बुडालेले वेतन दहा लाख डॉलरहून अधिक होते. शिवाय त्या छायाचित्रकाराला २ लाख डॉलर देऊन त्याने तडजोड केली. शिक्षा भोगून तो परतला, शिकागो बुल्सने त्या वर्षीही विजेतेपद मिळवले आणि २०११ मध्ये रॉडमनला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

अलीकडचे उदाहरण जा मोरँटचे. मार्च २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवरील थेट चित्रफितीत तो बंदूक दाखवताना दिसला. ‘एनबीए’ने ८ सामन्यांची विनावेतन बंदी घातली. दोनच महिन्यांत तसाच प्रकार पुन्हा घडला. आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी या वेळी २५ सामन्यांची बंदी घातली आणि परतण्याआधी लीगसोबत ठरवलेला सुधारणा कार्यक्रम पूर्ण करण्याची अट ठेवली. डिसेंबर २०२३ मध्ये तो परतला, पहिल्याच सामन्यात ३४ गुण केले आणि अखेरच्या क्षणी विजयी बास्केटही त्यानेच केला.

या शिक्षा कठोर होत्या की सौम्य, यावर अमेरिकेतही वाद झाला. पण किती सामने, किती पैसे, कशासाठी आणि परतीची अट काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुसऱ्यांदा चूक केली तर शिक्षा वाढते, हेही स्पष्ट होते.

भारतात अशी पद्धत नाहीच का?

आहे, पण सगळीकडे नाही. आयपीएलच्या आचारसंहितेत मैदानावरील गैरवर्तनासाठी दंड आणि दोषगुण ठरलेले आहेत. लखनौचा फिरकीपटू दिग्वेश राठी याचे उदाहरण ताजे आहे. फलंदाज बाद केल्यावर हातावर वहीत नाव लिहिल्यासारखा जल्लोष करणे ही त्याची खूण. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी आधी सामना मानधनाच्या २५ टक्के आणि मग ५० टक्के दंड झाला. १९ मे रोजी अभिषेक शर्माशी वाद झाल्यावर आणखी ५० टक्के दंड झाला. दोषगुणांची बेरीज पाचवर गेली आणि एका सामन्याची बंदी आपोआप लागू झाली. अभिषेकलाही दंड झाला. जल्लोषाला एवढी शिक्षा हवी का, यावर मतभेद असू शकतात. पण बेरीज कोणालाही करून पाहता येते.

हाच राठी आठवडाभराने अमरावतीच्या जितेश शर्मासमोर होता. २७ मे २०२५ रोजी जितेश बंगळूरुचे नेतृत्व करत होता. गोलंदाजीच्या टोकाला उभ्या जितेशला राठीने धावबाद करण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या पंचांनी नाबाद ठरवले आणि लखनौचा कर्णधार ऋषभ पंतने अपीलही मागे घेतले. जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करत सामना जिंकून दिला. नियमाची चौकट एका बाजूला आणि कर्णधाराचा विवेक दुसऱ्या बाजूला, अशी दोन्ही उदाहरणे एकाच खेळाडूच्या निमित्ताने आठवडाभरात दिसली.

मैदानाबाहेरच्या वर्तनासाठीही लेखी आदेशाचे उदाहरण आहे. दूरचित्रवाणी कार्यक्रमातील महिलांविषयीच्या वक्तव्यांवरून हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना जानेवारी २०१९ मध्ये निलंबित करण्यात आले. एप्रिलमध्ये बीसीसीआयचे लोकपाल निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. त्यातील अर्धी रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना आणि अर्धी अंध क्रिकेटसाठी देण्याचा आदेश होता. प्रकरण तिथे मिटले.

वऱ्हाडातील खेळाडूंनी काय लक्षात ठेवावे?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला १९१४ पासूनची परंपरा आहे. जितेश अमरावतीचा, तर सलामीवीर अथर्व तायडे अकोल्याचा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडू संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतात. अशा स्पर्धांतही उत्तेजक चाचणी होऊ शकते. तिथे ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पुरत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा जगभरचा नियम आहे. त्यामुळे खोकल्याची बाटली असो वा व्यायामशाळेत कोणी दिलेली पावडर, घेण्याआधी डॉक्टरांना ‘मी स्पर्धेत खेळतो’ हे सांगणे आणि चिठ्ठी जपून ठेवणे आवश्यक आहे. औषधात प्रतिबंधित घटक आहे का, हे नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर तपासता येते. आजारामुळे असे औषध घ्यावेच लागत असेल, तर वैद्यकीय कागदपत्रे जोडून उपचारासाठी सूट मागता येते.

शिस्तीच्या बाबतीत जबाबदारी संघटनांचीही आहे. जिल्हा संघातून एखाद्या पोट्ट्याला ‘वागणुकीमुळे’ वगळले, तर त्याला नियम कोणता, मुदत किती आणि दाद कुठे मागायची, हे लेखी मिळायला हवे. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये क्रीडा लवादाची तरतूद झाली आहे. मात्र त्याचा खरा उपयोग खालपर्यंत लेखी प्रक्रिया झिरपली तरच होईल.

मग जाब विचारायचा कसा?

रॉडमन आणि मोरँट यांना किती शिक्षा झाली, हे आजही मोजून सांगता येते. पृथ्वीच्या बाबतीत मोजता येते ती फक्त २०१९ ची बंदी. त्यानंतरची ‘शिक्षा’ निनावी अधिकाऱ्यांच्या वक्तव्यांतून, वगळलेल्या याद्यांतून आणि न लागलेल्या बोलीतून झाली. त्यातून खेळाडूला आपले काय चुकले हे नीट कळत नाही आणि संघटनेलाही उत्तर द्यावे लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पृथ्वी २६ वर्षांचा झाला. फलंदाजासाठी हे वय उतरणीचे नाही. दिल्लीकडून तो किती धावा करतो याकडे लक्ष राहीलच. पण पुढच्या वेळी तो चुकला, तर शिक्षा तारखेसह, कारणासह आणि परतीच्या अटीसह जाहीर होते का, हेही तितकेच पाहण्यासारखे असेल.