सोलापूरचे रंग दुपारी दिसत नाहीत

बाहेरगावचे पाहुणे सोलापुरात येतात ते बहुतेक दुपारीच. सकाळी तुळजापूर किंवा अक्कलकोट, मग जेवण आणि भर उन्हात इंद्रभुवन. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि ऊन डोक्यावर आलं की इथली कुठलीही इमारत फोटोत पांढरीफटक येते. मी स्टुडिओत बसायचो तेव्हा असे फोटो घेऊन लोक यायचे, "जरा रंग वाढवून द्या" म्हणायचे. कॉम्प्युटरवर आकाश हवं तेवढं निळं करता येतं, पण उन्हात विरलेली नक्षी परत आणता येत नाही.

इंद्रभुवनाचंच घ्या. आप्पासाहेब वारदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही वास्तू आज महापालिकेची आहे. युरोपीय थाटाचे खांब, कमानी, सज्जे आणि त्यांच्या अंगावर देशी हातांनी केलेलं नक्षीकाम. ते वाचायला तिरपा उजेड लागतो. कोवळं ऊन कडेने आलं की उठावाच्या प्रत्येक वळणाला स्वतःची सावली मिळते आणि फिकट रंगातल्याही छटा सुट्या होतात. रविवारी सकाळी जा, समोर गाड्या नसतात. जवळ उभं राहून मोबाइल वर तिरका केलात तर भिंती वर निमुळत्या होतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. मागे सरका, मोबाइल सरळ उभा धरा, खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका. स्क्रीनवर सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवा.

सिद्धेश्वराचं मंदिर तळ्यात आहे, म्हणून तिथे वेळ वेगळी. माझी आवडती वेळ दिवेलागणीची. सूर्य गेलेला, पण आकाशात निळाई शिल्लक. त्या थोड्या मिनिटांत आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड तोलात येतो, दोन्ही एका फोटोत मावतात. पूर्ण अंधार पडला की दिवे नुसते पांढरे ठिपके होतात. जानेवारीत, संक्रांतीच्या गड्डा यात्रेला आलात तर पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वजधारी अवश्य टिपा. पण त्यांच्या वाटेत उभे राहू नका, ध्वज तोलणं सोपं काम नाही.

शेजारचा बहामनी काळातला भुईकोट किल्ला काळ्या दगडाचा. तो काळाच दिसू द्या. पावसाने भिजला की त्याच दगडावरचं शेवाळ हिरवंगार उठून दिसतं, तेव्हाच मला तो खरा देखणा वाटतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाईला परवानगी लागते, ती आधी काढा.

आणि हाताशी एक दिवस असेल तर हैदराबाद रस्त्याने साधारण 45 किलोमीटरवर नळदुर्ग गाठा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणी महाल केला. नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आपण महालाच्या खिडकीत कोरडे उभे राहून ते आतून बघतो. आत अंधार, बाहेर लखलखीत पाणी. कॅमेरा अंधाराकडे बघून उजेड ठरवतो आणि पाण्याचा नुसता पांढरा पडदा करतो. पाण्यावर बोट ठेवा, खिडकीची चौकट काळी झाली तर होऊ द्या. हे दृश्य पावसाळ्यात बोरी दुथडी वाहते तेव्हाच मिळतं, म्हणून निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी विचारून घ्या, सांडव्यावरून पाणी चाललंय का.