कर्ज बुडालं, झाडं राहिली

जपानच्या क्यूशू बेटावर सासेबो नावाचं बंदराचं शहर आहे. त्याच्याजवळ, ओमुरा उपसागराच्या काठाला १०५ मीटर उंचीचा एक मनोरा दिसतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातल्या डोम मनोऱ्याची ती प्रतिकृती. मनोऱ्याच्या पायथ्याशी कालवे, कालव्यांवर पूल, पवनचक्क्या, निमुळती विटांची घरं आणि थोडं पलीकडे डच राजघराण्याच्या राजवाड्याची हुबेहूब नक्कल. त्या राजवाड्याचंच नाव सगळ्या उद्यानाला दिलं आहे : हाउस टेन बॉस. २५ मार्च १९९२ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. पुढची अठरा वर्षं ते तोट्यात चाललं, त्यात एकदा दिवाळं निघालं, एकदा कायमचं कुलूप लागायची वेळ आली. आणि मग ते सावरलं.

मनोरंजन उद्यान का बुडतं, हे सांगायला फार अभ्यास लागत नाही. अवाढव्य खर्च, कमी गर्दी, वर चढत जाणारं व्याज. बुडालेलं उद्यान पुन्हा उभं कसं राहतं, हे मात्र तपशिलात क्वचितच वाचायला मिळतं.

जपानच्या या कोपऱ्यात डच गाव कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. जपानने परकीयांना दारं बंद केली, त्या काळात युरोपातल्या फक्त डचांना व्यापाराची मुभा होती, तीही नागासाकी बंदरातल्या देजिमा या चिमुकल्या बेटापुरती. १६४१ पासून दोन शतकांहून अधिक काळ ते तिथे होते. (आपल्या वेंगुर्ल्यात पडक्या अवस्थेत उभी असलेली वखार याच डच व्यापाऱ्यांची आणि याच शतकातली.) तेव्हा नागासाकी आणि हॉलंड हे नातं काही ओढूनताणून आणलेलं नाही.

हे गाव वसवण्याचं वेड घेतलं योशिकुनी कामिचिका यांनी. ते मूळचे एका छोट्या गावच्या कचेरीतले नोकरदार. १९८३ साली त्यांनी नागासाकी हॉलंड व्हिलेज हे लहानसं उद्यान काढलं. ते चाललं आणि कामिचिकांनी मोठा घास घेतला. समुद्रात भर घालून तयार केलेली, कारखान्यांसाठी राखलेली पण कुणी न घेतलेली ओसाड जमीन त्यांनी निवडली. एकूण १५२ हेक्टर, म्हणजे टोकियो डिस्नेलँडच्या जवळपास तिप्पट. तिथली माती आधी सुधारली, मग ४ लाख झाडं लावली. सहा किलोमीटर लांबीचे कालवे खणले. किनाऱ्याला काँक्रीटची भिंत न घालता दगड रचले, म्हणजे समुद्रातल्या जिवांना आसरा मिळावा. विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली. विटासुद्धा नेदरलँड्सहून आल्या. कामिचिकांना चार पाळणे आणि एक भुताचं घर उभं करायचं नव्हतं, त्यांना शंभर वर्षं टिकेल असं शहर वसवायचं होतं.

त्यासाठी सव्वादोनशे अब्ज येनच्या आसपास पैसा ओतला गेला, बहुतेक सगळा कर्जाऊ. १९८७ च्या रिसॉर्ट कायद्याने अशा प्रकल्पांना सवलती दिल्या होत्या, बँका पैसे घेऊन दारात उभ्या होत्या. उद्यान उघडलं तेव्हा जपानच्या भरभराटीचा फुगा फुटलेला होता. १९९६ च्या सुमारास वर्षाला ३८ लाख लोक आले, तो कळस. तेवढ्या गर्दीतूनही व्याज फिटेना. टोकियो सुमारे हजार किलोमीटर दूर, आसपासची वस्ती बेताची. एकदा पाहून गेलेला माणूस तेच राजवाडे पुन्हा पाहायला कशाला येईल? २००० साली कामिचिका पायउतार झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा देणं सुमारे २२९ अब्ज येन होतं. मग नोमुरा समूहाच्या एका गुंतवणूक कंपनीने उद्यान हाती घेतलं. २००८ च्या जागतिक मंदीत कोरियन पर्यटक आटले आणि २०१० मध्ये नोमुरानेही अंग काढून घेतलं. तेव्हा वर्षाची गर्दी १४ लाखांवर आली होती.

सासेबोचे महापौर मदतीसाठी हिदेओ सावादा या उद्योजकाकडे गेले. सावादा म्हणजे स्वस्त विमान तिकिटं विकून मोठ्या झालेल्या एचआयएस या प्रवास कंपनीचे संस्थापक. स्कायमार्क ही विमान कंपनीही त्यांनीच काढलेली. त्यांनी आधी नकार दिला, पुन्हा नकार दिला. महापौर पुन्हा गेले. शेवटी सावादा तयार झाले, पण अटी घालून. उरलेल्या ६ अब्ज येन कर्जापैकी ८० टक्के सावकारांनी सोडून द्यायचं. उद्यान भरत असलेल्या मालमत्ता कराइतकी मदत शहराने काही वर्षं परत करायची. एचआयएसने २ अब्ज येन घातले, क्यूशूतल्या रेल्वे, वीज, गॅस अशा कंपन्यांनी मिळून १ अब्ज. एप्रिल २०१० मध्ये सावादा उद्यानाच्या हॉटेलातच राहायला आले.

त्यांचे सुरुवातीचे उपाय फसले, आणि ते कसे फसले हे मला यशापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. उद्यानाचा काही भाग त्यांनी फुकट खुला केला, संध्याकाळचं तिकीट उतरवलं. लोक आले नाहीत. आत करण्यासारखं काही नसेल, तर तिकीट स्वस्त करूनही कुणी फिरकत नाही. अडचणीतली कितीतरी उद्यानं हाच उपाय वर्षानुवर्षं घोटत बसतात. कुपनं, सवलती, दोनावर एक फुकट. अशाने तिकिटाचा मान जातो आणि गर्दीही वाढत नाही.

मग सावादांनी हाताशी काय आहे ते पाहिलं. नवा मोठा रोलर कोस्टर घ्यायला पैसे नव्हते. पण जमीन अमाप होती, अठरा वर्षांत झाडं वाढून घनदाट झाली होती, कालवे होते, माळी होते. त्यांनी फुलांवर भर दिला. शरदात जमिनीत पुरलेले ट्यूलिपचे कंद फेब्रुवारीपासून उमलू लागतात आणि पवनचक्क्यांपुढचे वाफे एप्रिलपर्यंत लाल-पिवळ्या पट्ट्यांनी भरून जातात. ते ओसरले की मे महिन्यात गुलाब, भिंतींवर आणि कमानींवर चढवलेले. जूनच्या पावसात हायड्रेंजिया, उन्हाळ्यात आतषबाजी. हिवाळ्यात झाडं उघडी पडतात, दिवस लवकर मावळतो आणि पूर्वी त्या महिन्यांत शुकशुकाट असे. तिथे सावादांनी दिवे आणले. २०१० च्या हिवाळ्यात सुरू झालेलं हे ‘प्रकाशाचं राज्य’ पुढे १ कोटी ३० लाख दिव्यांवर गेलं. मनोऱ्यावरून खाली पाहिलं की हिरवळीवर अंथरलेले निळे दिवे लाटेसारखे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जातात. जे दोन-तीन महिने नुसता तोटा देत, त्यांतच आता झुंबड उडू लागली.

एप्रिलमध्ये येऊन गेलेल्या फुकुओका शहरातल्या कुटुंबाला डिसेंबरमध्ये पुन्हा यायला कारण मिळालं. दोन तासांच्या अंतरावरची माणसं वर्षातून दोन-तीनदा आली पाहिजेत. दूरच्या शहरातल्या उद्यानाचं सगळं गणित त्यावर बसतं.

आतली शिस्तही बदलली. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी झाडलोट करायची, साहेबासकट. खर्च २० टक्क्यांनी कमी आणि विक्री २० टक्क्यांनी जास्त, एवढं साधं उद्दिष्ट. ते जमत नसेल तर काम २० टक्के जास्त वेगाने करा, कारण आवार एवढं पसरलेलं की चालण्यातच वेळ जातो. नफा झाला तर बोनस देईन, असा शब्द सावादांनी दिला आणि पाळला. मार्च २०११ चा भूकंप आणि अणुदुर्घटना यांमुळे परदेशी पाहुणे अचानक थांबले, तरीही त्या आर्थिक वर्षात उद्यान नफ्यात आलं. २०१५ मध्ये गर्दी ३१ लाखांवर पोचली.

सगळेच डाव साधले असं नाही. टोकियोपेक्षा जवळ असलेल्या शांघायहून प्रवासी आणायला २०१२ मध्ये नागासाकी-शांघाय जहाज सुरू केलं. चीन-जपान संबंध बिघडले आणि त्याच वर्षी ते बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये यंत्रमानवांनी चालवलेलं हॉटेल निघालं, स्वागतकक्षात बोलणारा डायनासोर बसवला. जगभर गाजावाजा झाला. पण खोलीत ठेवलेल्या बोलक्या यंत्रबाहुलीला पाहुण्याचं घोरणं म्हणजे आज्ञा वाटे आणि ती त्याला मध्यरात्री उठवी. २०१९ पर्यंत निम्म्याहून अधिक यंत्रं काढून टाकली होती. फुलझाडांना मात्र कात्री लागली नाही.

सावादांचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. त्यांच्या वाट्याला आलेलं उद्यान जवळजवळ कर्जमुक्त होतं. २२९ अब्ज येनचा फटका इतरांनी आधीच सोसला होता. ४ लाख झाडं, कालवे आणि दगडी किनारा ज्यांनी उभा केला ते कामिचिका बदनाम होऊन गेले, आणि त्याच झाडांच्या जोरावर पुढचा माणूस यशस्वी ठरला. कामिचिकांचा हिशेब चुकला हे खरंच. पण त्यांनी काटकसर करून पत्र्याचे देखावे उभारले असते, तर २०१० मध्ये वाचवण्यासारखं तिथे काहीही उरलं नसतं.

महाराष्ट्रातलं एक उद्यानही याच वाटेने गेलं. मनमोहन शेट्टींनी खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका हे मनोरंजन उद्यान उभारलं. जागतिक दर्जाच्या राइड्स, मग वॉटर पार्क, हॉटेल. त्यामागे मोठं कर्ज. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. जुलै २०१७ मध्ये अशा उद्यानांवर २८ टक्के जीएसटी बसला, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. त्यानंतर कोरोनाची टाळेबंदी. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने उद्यानाचा ताबा घेतला, तोही बँकांनी थकीत कर्जाची तडजोड केल्यावर. लोणावळा आणि शिर्डी इथे वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. इथेही राइड्स शेट्टींच्या काळातल्याच. मुंबई-पुण्याचं कुटुंब तिथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कशासाठी जाईल, याचं उत्तर नव्या मालकांना दर मोसमात द्यावं लागणार आहे.

सावादा २०१९ मध्ये हाउस टेन बॉसच्या अध्यक्षपदावरून उतरले. कोरोनात एचआयएसचा मूळ प्रवासधंदाच ठप्प झाला आणि २०२२ मध्ये त्या कंपनीने उद्यानातला आपला दोन-तृतीयांश हिस्सा हाँगकाँगच्या पीएजी या गुंतवणूक कंपनीला विकला. २ अब्ज येनला घेतलेल्या त्या हिश्शाचे ६६ अब्ज येनांहून अधिक आले. त्याच आवारात कॅसिनो काढायचा नागासाकी प्रांताचा प्रस्ताव जपान सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळला. नव्या मालकांनी डच चित्रकार डिक ब्रुना यांच्या मिफी या सशाभोवती मुलांसाठी नवी दालनं उभारली, आणि ट्यूलिपचे कंद दर शरदात लावले जातात.