नीलमाची पारख

वऱ्हाडात नीलमाचा विषय बहुधा शनीच्या साडेसातीबरोबरच घरात येतो. कुणाच्या पत्रिकेत काही निघाले की अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात चौकशी सुरू होते. खडा आधी उशाखाली ठेवावा, पडणारी स्वप्ने पाहावीत आणि मानवला तर शनिवारी मधल्या बोटात धारण करावा, ही रीत अनेक घरांत ठाऊक असते. हिरा-पाचू हौसेने घेतले जातात, नीलम मात्र भीतभीत. भ्यालेले गिऱ्हाईक वस्तू नीट पारखत नाही, आणि तेथेच फसवणुकीला वाव मिळतो.

वस्तुतः नीलम म्हणजे कुरुंद. ज्या कुरुंदाच्या दगडावर सुऱ्यांना धार लावतात, त्याचाच हा पारदर्शक, निर्मळ स्फटिक. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तो बनतो. काठिण्यात हिऱ्याला 10 तर कुरुंदाला 9 अंक आहे. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. लोह आणि टायटॅनियमचा अंश मिसळला की तो निळा होतो. क्रोमियमने त्याचे माणिक होते, तर पिवळा कुरुंद पुष्कराज म्हणून विकला जातो. ज्योतिषात माणिक सूर्याचे, पुष्कराज गुरूचा आणि नीलम शनीचा. सूर्य व शनी यांचे वैर सांगितले जाते, पण त्यांची रत्ने एकाच खनिजाची! द्रव्य एक, पर्याय अनेक, या जैन विचाराला याहून सुंदर उदाहरण कोणते?

रत्नपरीक्षेचा वारसाही आपल्या समाजाला जुना आहे. अलाउद्दीन खिलजीच्या कोशागारात अधिकारी असलेले जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी 1315 साली ‘रयणपरिक्खा’ हा प्राकृत ग्रंथ आपल्या पुत्रासाठी रचला. बादशाही खजिन्यातील रत्ने स्वतः पाहिलेल्या माणसाचे ते ज्ञान होते. शंभरपट दुधात ठेवला असता सारे दूध निळे दिसावे, तो ‘महानील’, अशी खूण गरुडपुराणात येते. तिच्या आधारे आजही वाटीभर दुधात खडा टाकून पाहिला जातो. मात्र काच आणि नीलम यांतील भेद दुधाने कळत नाही.

आज पारख अधिक अवघड झाली आहे. श्रीलंकेतील ‘गेउडा’ नावाचे दुधट खडे दीड हजार अंशांच्या वरच्या भट्टीत तापवून निळे केले जातात. हे उघड सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. परंतु चिरांमध्ये रंगीत शिसेयुक्त काच भरलेला खडा लिंबाच्या रसाने वा दुरुस्तीच्या वेळच्या आचेनेही बिघडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्नेइल यांनी 1902 साली कृत्रिम माणिकाची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे काही वर्षांत नीलमही तसाच बनू लागला. अशा खड्यात भिंगाखाली वक्र रेषा दिसू शकतात, तर नैसर्गिक नीलमातील रंगाचे पट्टे सरळ वा कोनांत वळलेले असतात.

वजनाचाही घोळ असतो. सोन्याच्या तोळ्यातील रत्ती 121.5 मिलिग्रॅम, तर खड्यांच्या बाजारातील पक्की रत्ती सुमारे 182 मिलिग्रॅम. म्हणजे ‘पाच रत्ती’ एका हिशेबाने सुमारे 3 कॅरट, तर दुसऱ्या हिशेबाने साडेचार कॅरटच्या वर. म्हणून पावतीवर वजन कॅरटमध्येच लिहून घ्यावे. सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असावे आणि त्यात खडा नैसर्गिक की कृत्रिम, तापविलेला की काच भरलेला, याची स्पष्ट नोंद असावी. रंग दिवसाच्या उजेडात पाहावा.

राहिला शनी. त्याच्या पीडेच्या निवारणार्थ जैन घरांत भगवान मुनिसुव्रतनाथांची आराधना करण्याचा प्रघात आहे. शनी अमावास्येला पैठणच्या अतिशय क्षेत्री भाविकांची रीघ लागते. ज्या आराधनेला पैसा लागत नाही, ती हाताशी असताना कर्ज काढून खडा घेण्याची निकड कोणाला भासू नये. सुख-दुःखाचे मूळ आपल्या कर्मात शोधावे, हीच आपल्या धर्माची शिकवण आहे.

भय सुटले की नीलमाचे सौंदर्य मोकळेपणी दिसते. 1881 च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात दरड कोसळून उघड्या पडलेल्या नीलमांचा मखमली रंग आजही जगात नावाजला जातो. हिऱ्यांच्या कोंदणात बसविलेला लहानसा नीलमही कर्णफुलांना वा अंगठीला वेगळीच शोभा देतो. ऐपतीत बसणारा, पारखून घेतलेला असा एक खडा लेकी-सुनांना निर्धास्तपणे वापरता येतो.