‘मी आहे तोवर वाटणी कशाला?’

गिरणा-मोसमच्या काठचे शेतकरी कुटुंब असो वा मालेगाव शहरातले यंत्रमागवाले, घरचा कर्ता सत्तरीला टेकला की एक प्रश्न भिजत पडतो : माझ्यामागे हे कुणाचे? ‘मी आहे तोवर वाटणी कशाला?’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. ज्याने उमेदीत कर्ज काढून विहीर खोदली, माग बसवले, तो इथेच का अडतो? वयाने बुद्धी मंदावते, हे सोपे उत्तर पुरत नाही. हाच माणूस कांद्याचा नाहीतर सुताचा हिशेब अजून तोंडी करतो. त्याला नको असते ती वाटणीतून उठणारी नाराजी.

मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार, हाती काळ थोडा उरला असे वाटू लागले की माणूस दूरच्या लाभापेक्षा आजचे समाधान आणि जवळची नाती जपतो. २००८ मध्ये रीड, मिकेल्स आणि सायमन यांना आढळले की तरुणांपेक्षा वृद्धांना निवडीसाठी कमी पर्याय हवे असतात. त्यात भर माणसाच्या एका जुन्या खोडीची : केल्याने झालेले नुकसान न केल्याने झालेल्या नुकसानापेक्षा जास्त बोचते. पाटाजवळचे रान धाकट्याला दिले तर थोरला बापाला बोल लावणार. काहीच न ठरवता गेले तर दोष नशिबाचा.

पण न ठरवणे हाही निर्णयच, फक्त तो दुसऱ्यांच्या हाती जातो. मृत्युपत्र नसेल तर १९५६चा हिंदू वारसा कायदा मुलांइतकाच हिस्सा मुलींना आणि पत्नीला देतो. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीला जन्मतःच हक्क आहे. मग तेराव्यानंतर भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारी जातात, आणि बापाने टाळलेला अवघड शब्द तिला उच्चारावा लागतो. मुस्लिम कुटुंबात वारसांचे हिस्से शरियतने ठरलेले असतात. तरी माग कोण चालवणार आणि बाकीच्यांचा हिस्सा कसा चुकता होणार, हे घरातच ठरवावे लागते.

‘सगळे देऊन बसलो आणि पोरांनी विचारले नाही तर?’ हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय आहे. पण ही भीती हयातीत नावावर करून देण्याची आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येते. हिंदू कुटुंबात त्याला दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आज हातचे काहीच सुटत नाही.

म्हणून मुलांनी ‘आता वाटणी करा’ असा तगादा लावू नये. ओझे एकदम टाकले की माणूस आणखी मागे सरतो. आधी एकच गोष्ट विचारावी : मृत्युपत्रात राहते घर आईच्या नावे लिहायचे का? तेवढे कागदावर आले की पुढचे बोलणे सोपे होते. आणि त्या बैठकीत लेकीलाही बोलवावे.