रत्नागिरीपर्यंतची वाट

दिनांक २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे धाडलेला ‘लॉगिन’ हा शब्द, पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडचे यंत्र बंद पडल्यामुळे, अपुराच राहिला. परंतु ज्या ‘अर्पानेट’चा तो श्रीगणेशा होता, त्यातूनच पुढे इंटरनेट उदयास आले. आपल्याकडे १९८६ च्या ‘अर्नेट’ प्रकल्पाने विद्यासंस्था जोडल्या. सर्वसामान्यांस मात्र हे दालन विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही प्रथम महानगरांपुरतेच, खुले केले.

त्या काळी रत्नागिरीच्या एखाद्या हौशी गृहस्थाने मुंबईचा क्रमांक फिरवलाच, तर मोडेमची कर्कश शीळ संपण्याच्या आतच एस.टी.डी.चे मीटर धावू लागे, आणि सेकंदाला जेमतेम ९.६ किलोबिट या गतीने एखादे चित्र पडद्यावर उतरेपर्यंत खिशाची जी हजेरी घेतली जाई, ती पाहता हा शौक मध्यमवर्गीय खचितच नव्हता. सरकारदरबारी कोकणची वाट नेहमीच उशिरा मंजूर होते, हा अनुभव जुनाच! रेल्वेचेच पाहा: २६ जानेवारी १९९८ पासून कुठे कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आज तिच्या रुळांच्या कडेने, रत्नागिरीवरून, प्रकाशतंतूंची केबलही गेली आहे.